तीन गावचे पिझ्झे आणि आपली भट्टी

भवानी पेठ, सोलापूर
शुक्रवार

तीर्थस्वरूप राजेश्वरीअक्काच्या पायाशी धाकटा भाऊ शिवानंद याचे शरणू शरणार्थी पोचोत. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे माझा डावा गुडघा सोडून. तो त्याच्या मर्जीने खुशाल असतो. गिरिजेचं वजन तिच्या म्हणण्याप्रमाणे आहे तेवढंच आहे. तुझं बीपी काय म्हणतं? सिद्धलिंगप्पा दाजी अजून गाडीची शिट्टी ऐकू आली की चप्पल न घालता अंगणात येऊन उभे राहतात का? (रेल्वेने त्यांना निवृत्त करून अकरा वर्षं झाली, पण त्यांनी रेल्वेला अजून निवृत्त केलेलं दिसत नाही.) त्यांना माझा नमस्कार सांग. नुसता नमस्कारच सांग, पत्र वाचून दाखवू नकोस, कारण पुढे त्यांचाही थोडा उल्लेख येणार आहे.

तू म्हणशील, सोलापूर ते होटगी एवढ्याशा अंतराला पत्र कशाला. तर फोन करून पाहिला. दोन वर्षं करून पाहतो आहे. तुझा फोन छान वाजतो, शेवटपर्यंत वाजतो. गिरिजेच्या फोनवर तू लोणच्याच्या फोडीबद्दल अर्धा अर्धा तास बोलतेस, पण तिने "अक्का, हे हितंच हायेत, देऊ का?" म्हटलं की होटगीचं नेटवर्क जातं. (एवढं वेळेवर जाणारं दुसरं काही त्या स्टेशनात नसेल.) तेव्हा पत्र. छापील किंवा लिहिलेला कागद हातात आला की तो वाचल्याशिवाय तुला टाकवत नाही, हे मला माहीत आहे. लहानपणी शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू उलगडून वाचायचीस आणि तोवर दाणे मी खायचो. त्याबद्दलही या पत्राने माफी मागतो, म्हणजे यादी सुरू झाली.

पत्राचा हेतू फक्त कळवणे हा आहे. मागच्या वेळी तुझी तक्रार हीच होती की कळवलं नाही. म्हणजे तू तशी तक्रार तोंडाने केली नाहीस, पण मी इतका अडाणी नाही. दोन वर्षांपूर्वी पंचमीला तू माहेरी आलीस, रिक्षातून उतरलीस, आणि लग्न होऊन गेल्यापासूनच्या सवयीप्रमाणे आधी घरात न जाता बेकरीत शिरून भट्टीच्या मागच्या भिंतीला तळहात लावलास. त्या भिंतीला टेकवून अव्वा आपल्याला न्हाऊ घातल्यावर बसवायची. आपल्या जन्मापासून ती भिंत कुणाला गार लागलेली नव्हती. त्या दिवशी लागली, कारण पाडव्यापासून मी भट्टी बंद ठेवली होती. कारखान्यातल्या खारीची पाकिटं प्रत्येक दुकानात लटकायला लागली होती, भट्टीवर माणूस टिकत नव्हता, समोरच्या इमारतीतले लोक धुराच्या नावाने वाळत घातलेले कपडे आणून दाखवायचे, आणि माझा गुडघा. कारणं खूप होती, ती मी पाठही केली होती. पण तू विचारलीच नाहीस. तू एवढंच म्हणालीस, "शिवू, भिंत गार हाय." आणि पाणीसुद्धा न पिता निघालीस. रिक्षावाल्याने अजून रिक्षा वळवलीसुद्धा नव्हती, त्याच रिक्षाने गेलीस. पंचमीचे लाडू आम्ही आठ दिवस खात होतो. कुणालाच ते गोड लागले नाहीत.

तर आता रीतसर कळवतो. जगदेवी बेकरीची भट्टी पाडून तिथे मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका सज्जन माणसाला जागा द्यावी असा माझा विचार सहा महिन्यांपूर्वी झाला. त्यावर आमची लेक, म्हणजे तुझी भाची दानेश्वरी, पुण्याहून धावत आली. (ती तिकडे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला आहे हे तुला ठाऊकच असेल, तिचे फोन तुझ्याकडे लागतात.) तिचं म्हणणं असं की आपल्याकडे आहे तशी भट्टी लोक परदेशातून विटा मागवून बांधतात, तिच्यात लाकूड जाळून पिझ्झा भाजतात, आणि तो खायला माणसं गावंच्या गावं ओलांडून जातात. मी म्हटलं, जातील, पण भवानी पेठेत येणार नाहीत. तेव्हा तिने एक तह मांडला. अशा तीन नावाजलेल्या ठिकाणी मी स्वतः जाऊन खायचं, पुणे, गोवा आणि बंगळूर, आणि मग भट्टी पाडायची असेल तर ती एक शब्द बोलणार नाही. तिकिटं, टेबलं सगळं तीच काढणार. मी विचार केला, पाडायची तर आहेच, पण गोवा काही रोज घडत नाही. मी हो म्हटलं.

पुण्यातल्या ठिकाणाचं नाव लिहीत नाही, कारण मला ते उच्चारता आलं तरच लिहिता येईल. तिथे जेवायला जायचं तर आठ दिवस आधी नाव नोंदवावं लागतं, आणि नोंदवून गेलं तरी बाहेर बाकावर बसून राहावं लागतं, म्हणजे नाव नोंदवलेल्या लोकांनी वाट बघायची असा तो मान आहे. आत काचेपलीकडे भट्टी. अक्का, भट्टी म्हणजे काय सांगू, तिला वरून खालपर्यंत निळ्या टिकल्यांसारख्या फरशा लावलेल्या. आपल्या भट्टीला अप्पा दर दसऱ्याला चुना द्यायचे तेवढीच तिची हौस. भिंतीवर एक पाटी होती, ती मी पूर्ण वाचली. तीत विटा कुठून आणल्या, माती कोणत्या डोंगराची, बांधणाऱ्या गवंड्याचं घराणं कुठलं, सगळं होतं. मी वेटरला सांगितलं की आमच्या भट्टीच्या विटा होटगी रस्त्याच्या वीटभट्टीतल्या, आणि चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर मळलेला, आणि गवंडी आमच्या अप्पांचा मावसभाऊ. त्याने ते सगळं नम्रपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सर, पाणी साधं की बाटलीतलं.

पिझ्झा लाकडी फळीवर आला. तो चांगला होता हे मी आधीच कबूल करतो, कारण हे पत्र निःपक्षपाती आहे. तळाला कुरकुरीत, मध्ये ओलसर, आणि कडेला असा फुगलेला की त्यावर काळे काळे डाग पडले होते, भाकरीवर पडतात तसे. मला राग आला तो शेजारच्या टेबलाचा. एक तरुण जोडपं होतं, दोघांनी मधलं मधलं खाल्लं आणि कडा ठेवल्या. सगळ्या कडा, अक्का! भट्टीची अख्खी करामत त्या कडेत असते, मध्ये तर नुसता टोमॅटो असतो. (गिरिजेने माझ्या पायावर पाय ठेवला नसता तर मी उठून त्यांना सांगणार होतो.) आता आमचं खाणं झालं. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, ताटात अन्नाचा कण ठेवायचा नाही, ताटात पाणी घालून ते हाताने धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अप्पांनी हयातभरात माझ्याकडून दुसरं काही करवून घेतलं नसेल, पण हे घेतलं. मी गप्पांच्या भरात त्या फळीवर पेलाभर पाणी ओतलं. फळीला काठ नसतो ही गोष्ट मला पाणी ओतल्यावर दिसली. पाणी गिरिजेच्या इरकलीवर गेलं, तिथून शेजारच्या टेबलाखाली त्या तरुणाच्या पिशवीत गेलं, आणि दोन वेटर फडकी घेऊन धावले. त्यातल्या एकाने मला काळजीने विचारलं की फार तिखट झालं होतं का. दानू हात धुवायला गेली ती आम्ही बिल देऊन बाहेर येईपर्यंत हातच धूत होती.

तिथून गोव्याला आम्ही दोघंच गेलो. दानूने रजा नाही म्हणून सांगितलं, मला ते पटलं नाही. गोव्यातलं ठिकाण समुद्राजवळ एका बागेत आहे. छपराखाली भट्टी आणि भोवती टेबलं. मालकीण परदेशी बाई, साठीची असेल, मराठी येत नाही, हिंदी आमच्यापेक्षा बरी. गिरिजेची मुख्य शंका ही की ज्या फावड्याने मांसाचा पिझ्झा भट्टीत जातो त्याच फावड्याने आपला जातो काय. ती तिने हाताने कोंबडी, मग डुक्कर, मग फावडं असे सगळे अभिनय करून विचारली. त्या बाईंनी जराही न हसता एक वेगळं फावडं बाहेर काढलं, आणि तिथे गिरिजेचं मत त्यांच्याबद्दल कायमचं चांगलं झालं.

पिझ्झा भाजताना बघावा म्हणून मी भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. आत काजूची लाकडं जळत होती. एका कडेला राख ओढून ठेवलेली, पांढरी, मऊ, आपल्या बाभळीच्या राखेपेक्षा जरा खरखरीत. अक्का, मी काही ठरवून केलं नाही. भट्टीसमोर उभं राहिलं, ऊब तोंडावर आली, आणि हात आपोआप गेला. चिमूटभर राख घेतली, डोळे मिटले, कपाळावर तीन बोटं ओढली. अप्पा रोज पहाटे पहिल्या लाकडाची राख आपल्या दोघांच्या कपाळाला लावायचे, आधी तुझ्या, मग माझ्या. डोळे उघडले तर सगळं स्वयंपाकघर थांबलेलं. भट्टीवरच्या माणसाच्या हातातलं फावडं तसंच हवेत. मला वाटलं आता बाहेर काढतात. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची एक गोरी बाई उठून माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि कपाळ पुढे केलं. तिच्यामागे तिचा नवरा. त्याच्यामागे आणखी चौघं. त्यांना वाटलं हे इथल्या जेवणातच धरलेलं आहे. आता लोक रांगेत उभे राहिल्यावर मी काय करणार? लावली. बेकरी बंद झाल्यापासून एवढी रांग मी पाहिली नव्हती. मालकीणबाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि निघताना सांगितलं की हे फार सुंदर आहे, उद्यापासून आम्ही रोज करू. गोव्यातल्या त्या बागेत आता रोज संध्याकाळी लोक आपल्या अप्पांची राख लावत असतील. (म्हणजे अप्पांची पद्धत. वाक्य चुकीचं झालं, पण खोडल्यावर तू वाकून वाचशीलच, म्हणून तसंच ठेवतो.)

हसून झालं असेल तर एक गोष्ट सांगतो. दोन वर्षं मी कपाळाला डब्यातली विभूती लावतो आहे. ती थंड असते. त्या दिवशी राख गरम होती, आणि मला इतकं बरं वाटलं की मी टेबलाशी येऊन पिझ्झा गार होईपर्यंत त्याला हात लावला नाही. गिरिजेला वाटलं पोट बिघडलं.

बंगळूरला ईरम्मा, म्हणजे गिरिजेची धाकटी बहीण, तिच्याकडे उतरलो. तिथलं ठिकाण तिन्हींत सगळ्यात नावाजलेलं. दारापासून टेबलापर्यंत भिंतीवर नुसती प्रमाणपत्रं. तिथे गिरिजेने पराक्रम केला. साधा पिझ्झा मागवला, टोमॅटो आणि चीज आणि वर तुळशीसारखी चार पानं. तिने एक घास खाल्ला, मान हलवली, पिशवीतून शेंगा चटणीची पुडी काढली आणि सगळ्या पिझ्झ्यावर शिवरात्रीला भस्म उधळावं तशी उधळली. एवढं करून थांबली नाही. आम्ही प्रवासाला घेतलेली कडक भाकरी काढून तिचा तुकडा मोडून त्याने चीज उचलून खायला लागली. सगळीकडे वास सुटला. आतून टोपी घातलेला एक उंच माणूस थेट आमच्या टेबलाशी आला. मी हात जोडून उभा राहिलो. तो चटणीकडे बघत कानडीत म्हणाला, ही सोलापूरची का? तो निघाला विजापूरजवळच्या इंडीचा. महेश्वर नाव. इटलीत तीन वर्षं शिकून आलेला, पेपरात फोटो आलेला, आणि सहा महिन्यांत घरी गेलेला नाही. गिरिजेने त्याला पुडी देऊन टाकली. पुढचे दोन दिवस मी ईरम्माच्या घरी चटणीशिवाय जेवलो, ते असो.

त्याने आम्हाला आत भट्टीपाशी नेलं. भिंतीला पिस्तुलासारखं एक यंत्र टांगलेलं होतं, ते भट्टीवर रोखलं की आतली उष्णता आकड्यात दाखवतं. मी म्हटलं, बरं झालं, आता माणसाला काही यायलाच नको. तो हसला. म्हणाला, हे पाहुण्यांना दाखवायला. मग त्याने मूठभर पीठ घेतलं, त्यातली चिमूट भट्टीच्या तळावर फेकली, आणि पिठाकडे बघत उभा राहिला. आणि अक्का, त्याचे ओठ हलत होते.

मला एकदम तू दिसलीस. तू तेरा-चौदा वर्षांची, परकर खोचून, भट्टीच्या तोंडाशी. चिमूट फेकायचीस, ओठ हलायचे, पीठ तांबूस व्हायचं आणि तू अप्पांकडे न बघता नुसतं "घाला" म्हणायचीस. किंवा "थांबा". अप्पा कधी भट्टीकडे बघायचे नाहीत, तुझ्या ओठांकडे बघायचे. तू आत "ॐ नमः शिवाय" मोजतेस एवढं आम्हाला कळायचं, पण किती वेळा, ते तू ना अप्पांना सांगितलंस ना मला. तुझं लग्न झालं त्या वर्षी आपली किती खारी करपली ते आठवतं का? आम्ही ते नव्या मैद्यावर ढकललं होतं.

मी महेश्वरला विचारलं, किती मोजतोस? त्याने सांगितला एक आकडा. मी खिशातला कागद काढून लिहून घ्यायला लागलो तर त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "काका, ह्यो आमच्या भट्टीचा आकडा हाय. प्रत्येक भट्टीचा येगळा असतो. तुमच्या भट्टीचा जिला ठावं हाय तिलाच इचारा." मी त्याला जिला वगैरे काही सांगितलेलं नव्हतं. गिरिजेने सांगितलं असणार. तिचं कानडी माझ्या पाठीमागे फार चांगलं चालतं.

त्याने येताना एक पिझ्झा खोक्यात घालून दिला. त्याच्या गावाकडच्या रस्त्याने आमची गाडी येणार, म्हणून असेल. विजापूरवरून आलो. सोलापूर जवळ आलं, सामान दाराशी आणलं, आणि गाडी होटगीच्या बाहेर सिग्नलला थांबली. वीस मिनिटं. दारातून तुमच्या घराची पाण्याची टाकी दिसत होती, तिच्यावर वाकलेलं कडुनिंबाचं झाड दिसत होतं. दाजी अंगणात अनवाणी उभे राहून डबे मोजत होते. त्यांनी हात केला. मला नव्हे, गार्डला. माझ्या हातात खोकं होतं. रुळांवरून उतरलो असतो तर पाच मिनिटांत तुझ्या दारात आलो असतो. गिरिजा मागून म्हणाली, "उतरा की. कुटं जातीय गाडी." मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नव्हता, अक्का. तू दार उघडून भिंतीबद्दल विचारशील याची भीती वाटत होती. मग सिग्नल पडला आणि गाडी सुटली.

असा सगळा प्रवास झाला. घरी येऊन मी आठ दिवस विचार केला आणि पूर्ण निःपक्षपातीपणे ठरवलं की हे काही आपल्याला जमणारं नाही. या वयात आपण भट्टी कुणाच्या भरवशावर पेटवायची? कडा टाकणाऱ्या लोकांसाठी का पेटवायची? पाडकामवाल्या बसप्पाला सोमवारी सकाळी या म्हणून सांगितलं आहे. दानू रजा काढून आली आहे, पण तहाप्रमाणे ती एक शब्द बोललेली नाही, जेवतानाही नाही. न बोलण्यात ती तुझ्यावर गेली आहे. कळवायचं ते कळवलं. राग मानू नये.

तुझा धाकटा भाऊ,
शिवानंद

ता. क. (सोमवार, दुपार) पत्र टाकायचं राहिलं, तेव्हा पुढचंही कळवतो. बसप्पा सकाळी घण घेऊन आला. चांगला माणूस आहे, कामाला लागण्यापूर्वी त्याने भट्टीच्या पाया पडून घेतलं. मग मला विचारलं, "मालक, पयला घाव कुटं घालू?" साधा प्रश्न होता. मी भट्टीला एक फेरी मारली. तोंडाशी नको वाटलं, तिथे अप्पा उभे राहायचे. छपराच्या घुमटावर नको, त्यात गूळ आहे. मागच्या भिंतीवर तर नकोच. बसप्पा अर्धा तास घण टेकून उभा होता. शेवटी मी त्याला चहा पाजला, घरून आणलेल्या कडक भाकऱ्या बांधून दिल्या आणि वाटेला लावलं. जाताना तो म्हणाला की पुढच्या वेळी आधी ठरवून बोलवा. दानू हे सगळं जिन्यात बसून बघत होती. तहात तिने न बोलायचं होतं, पण रडायचं नाही असं कुठे नव्हतं.

ता. क. दुसरा (गुरुवार) दोन वर्षं गार पडलेली भट्टी एकदम तापवली तर विटा तडकतात, म्हणून दानूने सोमवारी संध्याकाळी मूठभर काटक्या पेटवल्या, मंगळवारी थोडी लाकडं, काल पूर्ण. समोरच्या इमारतीतले लोक कपडे घेऊन आले होते, त्यांना आम्ही पिझ्झा देऊ म्हणून सांगितलं आहे, ते वाट बघत आहेत. ते अजून वाटच बघत आहेत, कारण पहिला पिझ्झा खालून कोळसा आणि वरून कच्चा झाला. दुसरा उलटा, म्हणजे वरून कोळसा. तिसरा मी फावड्याने घातला, तो फावड्यावरून उतरलाच नाही आणि जळणात गेला. दानूने ते पिस्तूल मागवलं आहे. ते आकडा दाखवतं, पण आमची भट्टी तो आकडा मानत नाही. मीही पीठ फेकून ओठ हलवून पाहिले. अकरा वेळा म्हटलं, एकवीस वेळा म्हटलं, काही नाही. दानू म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते ओठ हलवताय.

ता. क. तिसरा (शुक्रवार) आता खरं लिहितो. अप्पांनी भट्टी माझ्या नावावर केली कारण मी मुलगा. तू काही बोलली नाहीस, मीही नाही, आणि सगळं रीतीप्रमाणे झालं. पण भट्टी तुझी होती, अक्का. चाळीस वर्षं मी तिचा नुसता मालक होतो. बंद करतानाही तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू आली असतीस, चिमूट फेकली असतीस, आणि भट्टी चालू राहिली असती, आणि सगळ्या पेठेला कळलं असतं की ती कुणाची. हे लिहायला मला तीन गावं फिरावी लागली.

परवा पंचमी आहे. पत्र घेऊन दानू स्कूटीवर येते आहे. सोबतच्या डब्यात जे कडक, वाकडं, तांबूस आहे ते महेश्वरने दिलेल्या पिझ्झ्याच्या कडा आहेत. गिरिजेने भाकरीसारख्या वाळवून ठेवल्या. दुधात किंवा दह्यात बुडवून खा, दाजींना दे, दात सांभाळून. तुझी भाची दारात उभी राहून आकडा विचारेल. तिला सांगू नकोस. कागदावर लिहूनही देऊ नकोस. तिच्या मागे बस आणि ये. पाणी गिरिजेने माठात भरून ठेवलं आहे, या वेळी पिऊन जा.

आणि आधी घरात जायचं नाही, सवयीप्रमाणे बेकरीतच शीर. पाच दिवस मी दर तासाला हात लावून बघतो आहे. भिंत गरम आहे.